फीत कापून झाली असेल तर इकडे लक्ष द्या

पेढे संपले? फोटो निघाले? मग आता फोन खिशात ठेवा आणि इकडे लक्ष द्या. मागे उभं राहून कुजबुजणाऱ्यांनीसुद्धा. तुमच्यातले निम्मे माझ्या वर्गात बसलेले आहेत. दाढी वाढली, पोट सुटलं, गळ्यात साखळी आली म्हणून मी ओळखणार नाही, या भ्रमात राहू नका.

शाळेला संगणक आले, भिंतीवर मोठा पडदा बसला आणि तुम्ही बॅनर छापला. बॅनरवर झाडून सगळ्यांचे चेहरे. शिक्षक नाही, मूल नाही. असू दे. धामणकर नाक्यापासून वंजारपट्टी नाक्यापर्यंत आपल्या भिवंडीत बॅनरपायी आभाळ दिसत नाही, त्यात आणखी एक. पण वर्षभरानंतर त्या खोलीचं दार उघडून बघायला किती जण येणार आहात, तेवढं सांगा. हात वर करा. वाटलंच मला.

पाटी नसेल तर मोबाइलवर करा, पण गणित करा. समग्र शिक्षा ही योजना २०१८ पासून चालू आहे. केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. तिच्यात संगणक कक्षासाठी वेगळी तरतूद आहे, सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या सरकारी आणि अनुदानित शाळांना. एकदाच मिळणारी रक्कम, ६ लाख ४० हजारांपर्यंत. संगणक, प्रोजेक्टर, प्रिंटर, टेबलं यासाठी. ही ओळ तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिच्या खालची ओळ कुणी वाचली? दरवर्षी २ लाख ४० हजारांपर्यंत, पाच वर्षं. त्यात शिकवणाऱ्या निदेशकाचं मानधन येतं, विजेचा खर्च येतो, इंटरनेट येतं, डिजिटल साहित्य येतं. दोन लाख चाळीस हजार गुणिले पाच किती? बारा लाख. म्हणजे यंत्रांना सहा लाख चाळीस हजार आणि ती चालवायला बारा लाख. ज्या सरकारला तुम्ही चहाच्या टपरीवर उठता-बसता शिव्या घालता, त्याने कागदावर कबूल केलंय की यंत्र विकत घेण्यापेक्षा चालतं ठेवणं जवळजवळ दुप्पट महाग पडतं. तुम्ही पहिल्या ओळीचा सोहळा केलात आणि दुसरीचं नावही काढलं नाहीत. स्मार्ट वर्गाचंही तसंच. बसवायला २ लाख ४० हजार, वर्षाला चालवायला ३८ हजार. हे ३८ हजार आले का, कुणी मागितले का, कुठे खर्च झाले? उत्तर नाही.

आणि त्या 'पर्यंत' शब्दाकडे नीट बघा. ही कमाल मर्यादा आहे, आपोआप दारात येणारा हप्ता नव्हे. मागावं लागतं. वार्षिक कार्ययोजनेत आणि अंदाजपत्रकात आपल्या शाळेची गरज चढावी लागते, जिल्ह्याकडून राज्याकडे, राज्याकडून दिल्लीकडे जावी लागते. खालून कुणी लिहिलंच नाही तर वरून काय येणार, कपाळ?

आता तुम्ही, मुख्याध्यापक महाशय. खाली बघू नका, तुम्हालाच म्हणतेय. शाळेची माहिती सरकारला कळवणारा यूडायसचा फॉर्म तुम्हीच भरता ना? त्यात चालू स्थितीतले संगणक किती, हा रकाना आहे. खोलीत दहा आहेत, त्यातले दोन सुरू होतात, आणि तुम्ही लिहिता दहा. का? कमी लिहिलं तर खुलासा मागतील. अहो, पण दहाच्या दहा चालतात असं तुम्हीच सही करून सांगितल्यावर दुरुस्तीचे पैसे कोण कशाला पाठवील? २०२३-२४च्या यूडायस अहवालानुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांत चालू संगणक होते आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट. हा आकडाही शाळांनीच भरून दिलेला. तुमच्यासारखे 'दहा' लिहिणारे त्यात किती असतील, या विचारानेच माझं डोकं उठतं.

मग ती कुलपाची गोष्ट. एका शाळेत मी गेले होते, नाव घेत नाही. संगणक कक्षाला कुलूप, किल्ली कपाटात, कपाटाची किल्ली पर्समध्ये आणि पर्सवाल्या बाई प्रशिक्षणाला. संगणकांवर प्लास्टिकच्या पिशव्या, त्याही नव्या कोऱ्या. मी विचारलं, मुलांना कधी बसवता? "मॅडम, मुलं मोडतात." वस्तू मोडली किंवा चोरीला गेली तर डेडस्टॉक रजिस्टरवर नाव कुणाचं आणि वसुली कुणाकडून, ही भीती मला कळते. निवृत्तीच्या तोंडावर कुणाला ते झंझट हवं असतं? पण बंद पडलेल्या वस्तूचं रीतसर निर्लेखन करता येतं. त्यासाठी प्रस्ताव करावा लागतो, आणि तो करण्याऐवजी तुम्ही वस्तूच वापरात आणत नाही. म्हणजे संगणक म्हातारे होणार, पण झिजणार नाहीत! पाच वर्षांनी भंगारात जातील तेव्हा कीबोर्डवरची अक्षरं जशीच्या तशी असतील. लाज वाटायला हवी ती अशा टापटिपीची.

मुलं मोडतात म्हणे. या गावात बसून हे म्हणता? मानकोलीपासून वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेरपर्यंत नुसती गोदामं उभी आहेत. मुंबईच्या कितीतरी घरांत जाणारा टॅब, लॅपटॉप आधी आपल्या वेशीवर ट्रकमधून उतरतो. आणि तो उतरवणारी पोरं कोण? तुमच्याच शाळेतून आठवीत, नववीत गळालेली. त्यांच्या हातात स्कॅनर असतो. खोक्यावरचा बारकोड वाचायचा, यादीशी जुळवायचा, चुकलं तर मशीन ओरडतं. हे ती आठवड्यात शिकतात, कारण ठेकेदार त्यांना यंत्र देतो. तुम्ही देत नाही. शाळेत ज्याच्या हातात माऊस दिला नाहीत, तो गोदामात बारा तास उभा राहून यंत्र चालवतो, रोजंदारीवर. अभ्यासक्रमात नापास कोण झालं, तो की तुम्ही?

मागवाल्यांच्या पोरांना मात्र मी वेगळं बोलणार आहे, कारण तुम्हाला कळायला हवं होतं. तुमच्या बापाच्या कारखान्यात चोवीस माग असले तर एक जॉबर असतोच. माग अडला, की तो पाना घेऊन धावतो. माग उभा राहिला तर किती मीटर कापड बुडालं हे तुमचा बाप झोपेतही सांगेल. माग घ्यायचा, त्यावर चादर पांघरायची आणि 'आम्ही यंत्रमाग घेतला' म्हणून पेढे वाटायचे, असं शांतीनगरात कुणी केलेलं ऐकलंय? शाळेच्या संगणकाला जॉबर कोण, हा प्रश्न तुमच्या डोक्यात पहिल्यांदा यायला हवा होता. १९९९ मध्ये केंद्राने कापडधंद्यासाठी तंत्रज्ञान सुधारणा निधीची योजना आणली, व्याजात पाच टक्क्यांची सवलत होती. असली सवलत कशी मिळवायची, कागद कुठे लावायचे, अडलं तर कुणाला गाठायचं, हे तुम्हा लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. स्वतःच्या कारखान्याचं अनुदान असलं की वकिलासारखे बोलता आणि शाळेचं असलं की मुके.

हा जॉबर नसला की काय होतं, तेही या राज्याने करून पाहिलेलं आहे. शाळांतल्या संगणक शिक्षणाची, म्हणजे आयसीटीची, जुनी योजना २००४ची. पुढे महाराष्ट्रात हजारो शाळांत 'बूट' पद्धतीने कक्ष झाले. कंपनीने यंत्रं लावायची, पाच वर्षं चालवायची, निदेशक नेमायचा आणि मग सगळं शाळेच्या ताब्यात देऊन निघून जायचं. निदेशकाला महिन्याला काही हजार रुपये, तेही वेळेवर नाहीत. मुदत संपली, निदेशक घरी गेला, आणि मागे राहिली कुणाला न कळणाऱ्या पासवर्डची यंत्रं. ही निदेशक मुलं आझाद मैदानात उपोषणाला बसली तेव्हा तुम्ही काय केलंत? बातमी वाचून पान उलटलंत. कोपऱ्यातले जुने सीपीयू अजून आहेत काही शाळांत. त्यांच्याच शेजारी आता नवे ठेवताय.

विजेचं बोलू. आपल्या गावाला वीज म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. भारनियमनात माग थांबायचे, मजूर ओट्यावर बसायचे. जानेवारी २००७ मध्ये वितरण खासगी फ्रँचायझीकडे गेलं, देशातला असा पहिला प्रयोग इथेच झाला. बिल थकलं की तार कापली जाते, हे तेव्हापासून सगळ्यांना नीट समजलेलं आहे. शाळांची मात्र राज्यभर तऱ्हा अशी की वर्गाला 'डिजिटल' पाटी आणि मीटर काढून नेलेला. वीज नियामक आयोगाने शाळा-दवाखान्यांना व्यापारी दरातून काढून सार्वजनिक सेवांच्या वेगळ्या गटात घातलं, थोडा भार हलका झाला. तरी बिल भरायचं कशातून? संयुक्त शाळा अनुदानातून. १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५० हजार रुपये. त्यातले दहा टक्के स्वच्छतेला. उरले ४५ हजार. महिन्याला ३,७५०. यात खडू, हजेरीपट, झाडू, नळाची तोटी, पंख्याची दुरुस्ती, कागद, आणि हो, वीज. २५० मुलं धरली तर एका मुलामागे वर्षाला १८० रुपये पडतात. तुमच्या बॅनरचा खर्च किती झाला होता? नको, सांगू नका. मला अंदाज आहे.

बरं, हे पैसे तरी वेळेवर येतात का? येतात मार्चच्या तोंडावर. आता पैसा एका नोडल खात्यात असतो, शाळेच्या खात्यावर शून्य शिल्लक आणि खर्चायची फक्त मर्यादा. ३१ मार्च उलटला की मर्यादा गुल. मग काय, चार दिवसांत दरपत्रकं, दोन दिवसांत खरेदी, एका दिवसात उपयोगिता प्रमाणपत्र. गरज जूनमध्ये कळते, पैसा मार्चमध्ये येतो आणि वस्तू अशी येते की ती जून-मार्च दोन्हींत कुणी मागितलेली नसते. मंत्रालयात बसलेल्यांनाही हे ऐकू जाऊ दे. प्रामाणिक मुख्याध्यापकाला चोरासारखी धावपळ करायला लावणारी ही रीत आहे, आणि चोराला मात्र ती भलतीच सोयीची आहे.

खरेदीबद्दल आणखी एक. पद्मानगरातलं मूल घरी तेलुगू बोलतं. गैबीनगरातलं उर्दू वाचतं. कुठे हिंदी, कुठे गुजराती, आणि मराठी तर आहेच. बालभारती या सगळ्या माध्यमांची पुस्तकं छापते. केंद्राचं दीक्षा ॲप सप्टेंबर २०१७ पासून आहे, पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून धडा उघडतो. आणि तुमच्या ठेक्यात काय? सगळ्या शाळांना एकच पेनड्राइव्ह. उर्दू शाळेच्या पडद्यावर इंग्रजीत बोलणारं हसरं कार्टून. बाई ते लावतात, मुलं हसतात, तास संपतो, अहवालात 'डिजिटल तासिका घेतली' असं चढतं. दरपत्रक मागवताना माध्यम कोणतं हे लिहायला शाई कमी पडली होती का?

"पण मॅडम, पाष्टेपाडा..." येणारच होतं ते. येऊ दे. शेजारच्या शहापूर तालुक्यातला एक पाडा. जिल्हा परिषदेची लहानशी शाळा. संदीप गुंड नावाच्या शिक्षकाने तिथे सौर ऊर्जेवर वर्ग चालवला, मुलांच्या हातात टॅब दिले, राज्यभरातून लोक बघायला आले, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ना महामार्ग, ना गोदाम, ना गब्बर व्यापारी. हे उदाहरण तुम्ही भाषणात वापरता, मला माहीत आहे. पण त्यातलं काय उचललंत? त्याने यंत्रासोबत विजेचा प्रश्नही सोडवला. हे उचललंत का? नाही, 'लोकवर्गणी' तेवढी उचललीत. २२ जून २०१५च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या निर्णयानंतर गावोगाव लोकसहभागातून शाळा डिजिटल झाल्या, लोकांनी खिशातून लाखो रुपये दिले. त्यांना माझा नमस्कार. पण वर्गणी एकदा निघते, वीजबिल दर महिन्याला येतं. शिवाय ज्या वस्तीतला बाप मागावर बारा तास उभा राहतो, त्याच्याकडे वर्गणी मागायला जाणाऱ्या अधिकाऱ्याला मी दारातून परत पाठवीन. सरकारी शाळा आहे ती. पैसा सरकारने द्यायचा आणि तो दिला की नाही ते तुम्ही बघायचं. एका भल्या शिक्षकाच्या घामावर अख्ख्या खात्याने विसावायचं, हे चालणार नाही.

दूरचं ऐकायचंय? दक्षिण अमेरिकेत पेरू देशाने गरीब मुलांना साडेआठ लाखांवर लॅपटॉप वाटले. इंटर-अमेरिकन विकास बँकेच्या संशोधकांनी ३१९ शाळा तपासल्या, २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. गणितात फरक नाही, भाषेत फरक नाही. शिक्षकाची तयारी तोकडी होती, इंटरनेटचं जाळं जवळजवळ कुठेच पोचलं नव्हतं. आणि आपल्याच देशात केरळ बघा. २००१ साली 'आयटी@स्कूल' सुरू केलं, आधी शिक्षक शिकवले, पुढे बाहेरची महागडी प्रणाली विकत न घेता मुक्त सॉफ्टवेअर वापरलं. २०१७ मध्ये त्याचीच 'काईट' ही सरकारी कंपनी झाली, आणि ४,७५२ शाळांतल्या ४५ हजार वर्गखोल्यांत उपकरणं बसली. देखभालीत हात कुणाचा, माहीत आहे? मुलांचा. शाळाशाळांत 'लिटल काईट्स' नावाचे गट आहेत, मुलं स्वतः यंत्रं सांभाळतात, बिघाड शोधतात. तुमच्याकडे जी 'मोडतात', तीच मुलं. केरळने सोळा-सतरा वर्षं एकच काम धरून ठेवलं. आपल्याकडे मंत्री बदलला की योजनेचं नाव बदलतं आणि जुन्या नावाचे बोर्ड रंगाऱ्याला देतात.

शिक्षकहो, तुमच्यावर मी फार घसरले असं वाटत असेल, तर थोडं तुमच्या बाजूनेही. २०१५ पासून सरल, मग यूडायस, पोषण आहाराचं ॲप, हजेरीचं ॲप, निवडणुकीची यादी. हे सगळं शाळेच्या संगणकावर होतं? नाही. तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या रिचार्जवर, वर्ग चालू असताना. तंत्रज्ञानाने तुमचा तास वाढायला हवा होता, तो कमी झाला. 'आम्हाला शिकवू द्या' ही तुमची मागणी शंभर टक्के खरी आहे. पण मग त्याच तोंडाने सांगा, खोलीची किल्ली मुलांकडे का नाही? माहिती भरायला ज्यांना यंत्र येतं, त्यांना शिकवायला येत नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

आता राहिलात तुम्ही, आईबाप. कोपऱ्यात उभ्या आहात त्या. "आम्हाला काय कळतं बाई" हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारायचं नाही. २००९चा शिक्षणहक्क कायदा आहे, त्याचं कलम २१. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका. समितीचं एक काम कायद्यात स्वच्छ लिहिलंय, शाळेला आलेल्या अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणं. कलम २२ सांगतं, शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा. तुम्हाला सभेला बोलावतात तेव्हा काय होतं? चहा, बिस्किट, वहीवर सही. कशावर सही केली? माहीत नाही. बाजारात मेथीची जुडी घेताना दोन वेळा उलटून बघता. लाखांच्या अनुदानावर न वाचता सही करता, आणि ते संगणक तुमच्याच मुलाचे आहेत. वाचता येत नसेल तर मुलीला सोबत न्या, तिच्याकडून वाचून घ्या. तिला वाचता येत नसेल, तर मग तो दुसरा विषय सभेत काढा.

तर पुढच्या सभेत हे विचारायचं. लिहून घ्या. गेल्या तीन वर्षांत संयुक्त अनुदान किती आलं आणि कोणत्या तारखेला. संगणकासाठीची वार्षिक रक्कम मागितली होती का. मागितली असेल तर पत्राची प्रत कुठे आहे. यूडायसमध्ये चालू संगणक किती लिहिलेत, आणि आत्ता, आमच्यासमोर, किती सुरू होतात. वॉरंटी कधीपर्यंत, तक्रार कुणाकडे. सहावीच्या मुलांना आठवड्यात किती तास मिळतात, वेळापत्रकावर दाखवा. वीजबिल कितीचं थकलंय. कुणी म्हणालं की माहिती कार्यालयात आहे, तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दहा रुपयांचा अर्ज आहे, बॅनरपेक्षा स्वस्त.

उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, मग सह्या करा, आधी नाही. पुढच्या वर्षाच्या कार्ययोजनेत काय मागायचं याचा ठराव त्याच सभेत करा आणि एक प्रत शिक्षण विभागात नेऊन द्या. जाताना पोच घ्यायला विसरू नका. पोच नसलेला अर्ज घेऊन माझ्या दारात यायचं नाही.